साहेब आणि सतराचा पाढा

राजापेठेतल्या त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कमलाकांत राहत, आणि त्यांच्या बैठकीत साहेब राहत. साहेब म्हणजे पिवळाधमक कॅनरी पक्षी, वजन एका पेढ्याएवढं. कमलाकांतांनी बत्तीस वर्षं कचेरीत साहेब लोकांची मर्जी सांभाळली, स्वतः मात्र हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. राहिलेली हौस त्यांनी पिंजऱ्यात भागवली. साहेबांना सकाळी राळा, काकडीची चकती, एक दिवसाआड उकडलेलं अंडं. पत्नी आशाबाईंच्या स्वयंपाकघरात अंड्याला मज्जाव, म्हणून ते गॅलरीत वेगळ्या भांड्यात, वेगळ्या शेगडीवर उकडे.

पण साहेब गायला लागले की हे सगळं वसूल होई. गळा फुगायचा, चोच जेमतेम उघडायची आणि पेढ्याएवढ्या जिवातून असा काही झरा फुटायचा की कमलाकांतांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दरवर्षी अकोल्याला कॅनरींच्या गाण्याची स्पर्धा भरे. तिथे सलग दोन वर्षं पहिला आला होता शेंदूरजनाघाटचे संत्रा बागाईतदार मोतीराम यांचा पक्षी. गेल्या वर्षी साहेबांचा तिसरा नंबर लागला, तेव्हा मोतीरामांनी पाठीवर हात ठेवून निदान केलं होतं, "भौ, पक्षी हुशार हाय तुमचा. पण घरी गोंगाट असन. त्याच्यानं गळा बिघडते."

हे वाक्य कमलाकांत वर्षभर घेऊन बसले. गोंगाट होताच. वरच्या मजल्यावर चारुशीला मॅडमची शिकवणी होती. रोज संध्याकाळी पाच वाजता साठ पोरं एका चालीत पाढे म्हणत. एखादं चुकलं की मॅडम टाळी वाजवत, सगळा वर्ग चिडीचूप होई, आणि चूक दुरुस्त झाली की पुन्हा छप्पर उडे.

स्पर्धेला महिना उरला तेव्हा कमलाकांतांनी लेखणी उचलली. घरमालकाच्या नावे असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याने उभं राहावं. विषय, संदर्भ, 'असह्य ध्वनिपीडा', 'वयोवृद्ध रहिवासी', सगळं जागच्या जागी. अकरा घरांनी सह्या केल्या. सही केली नाही ती फक्त आशाबाईंनी.

"लेकरं शिकून राह्यली," त्या म्हणाल्या. "त्यात तुमचं काय जाते?"

चारुशीला मॅडम भांडल्या नाहीत. स्पर्धेच्या आठ दिवस आधी बाकं, फळा उचलून साईनगरला गेल्या. त्या संध्याकाळी पाच वाजता इमारतीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कमलाकांत पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले. साहेब दांडीवर बसले. साडेसहापर्यंत दोघंही बसून राहिले आणि दोघांपैकी कोणीही गायलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कमलाकांतांची झोप उडाली. डॉक्टरांनी पक्षी ठणठणीत असल्याचं सांगितलं, पिसं झडायचा हंगामही नव्हता. अंडं रोज झालं. मोबाइलवर परदेशी कॅनरींची गाणी लावली, ती साहेबांनी कचेरीतल्या साहेबासारखी ऐकली, म्हणजे दुसरीकडे बघत. शेवटी कमलाकांतांनी स्वतः शीळ घालून पाहिली, तेव्हा साहेबांनी पाठच फिरवली.

शनिवारी दुपारी आशाबाई नातीशी, आचलशी, फोनचा स्पीकर लावून बोलत होत्या. आचल नागपूरला तिसरीत. आजीला दाखवायचं म्हणून तिने चालीत सुरू केलं, बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. आणि पिंजऱ्यातून झरा फुटला. आठवडाभर मुका असलेला पक्षी मान उंचावून, गळा फुगवून गात होता. बारा साते ऐंशी म्हणून पोर चुकली, आशाबाईंनी तिला थांबवलं, आणि साहेबही थांबले. "चौऱ्याऐंशी," आशाबाईंनी म्हणताच पुन्हा सुरू.

कमलाकांतांना सगळं लख्ख दिसलं. ज्याला ते गोंगाट समजत होते तो साहेबांचा तंबोरा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात घालवला होता. ते तसेच स्कूटर काढून साईनगरला गेले. अर्जाचं काय बोलावं ते सुचेना, म्हणून आधी पाणी मागितलं. मॅडमनी सगळं ऐकलं, हसू दाबलं, आणि रविवारी मुलांची परीक्षा असल्याने अकोल्याला येता येणार नाही असं सांगितलं.

"तुमीच म्हणा ना काका," त्या म्हणाल्या. "फक्त चुकू नका. आमच्याकडे चुकलं की सगळं थांबते, हे त्यालेबी माहीत झालं हाय."

इथेच मेख होती. कमलाकांतांचा शब्द पक्का होता, पाढा कच्चा. आकडेमोडीचे कागद ते कचेरीत नेहमी शेजारच्या टेबलाकडे सरकवत. सोळापर्यंत गाडी कशीबशी जाई. सतरा म्हटलं की शाळेत ओणवं उभं राहिल्याचा दिवस आठवे.

रविवारी मांडीवर फडक्याने झाकलेला पिंजरा घेऊन ते एसटीने निघाले, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ओठातल्या ओठात पाढे म्हणत राहिले. शेजारचा प्रवासी आदराने सरकून बसला. त्याला वाटलं, जप चालू आहे.

अकोल्याच्या सभागृहात दीडशे माणसं श्वास रोखून बसली होती. नियम सोपे होते. फडकं काढल्यापासून दहा मिनिटं, पिंजऱ्याला हात लावायचा नाही, शीळ नाही, मोबाइल नाही. मोतीरामांचा पक्षी आपणहून गायला, आणि खरोखर सुरेख गायला. मग साहेबांचं फडकं निघालं. एक मिनिट गेलं. दोन गेली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. कमलाकांतांनी हात जोडले, डोळे मिटले आणि भर सभेत चालीवर सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार..."

लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण साहेब गात होते. तिनाला गायले, नवाला तर असे गायले की एक परीक्षक लिहायचं विसरला. तेरा गेला, सोळा गेला, अजून दीड मिनिट होतं, आणि समोर सतरा उभा होता. सतरा सक एकशे दोनपर्यंत नौका आली.

"सतरा साते," कमलाकांत म्हणाले, "एकशे अठरा."

साहेब थांबले. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा उरला. कमलाकांत मनात आकडे चाळू लागले. एकशे सोळा? एकशे एकवीस? वर्षभराची मेहनत एका आकड्यावर अडली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून, साहेबांनी गप्पच राहावं असं ज्यांना वाटायला हवं होतं, त्या मोतीरामांचा आवाज आला.

"एकशे एकोणीस, भौ. चुकीचा पाढा आयकवत नाई मले."

कमलाकांतांनी तो आकडा झेलला. सतरा आठे सगळं सभागृह म्हणालं, सतरा नवेला परीक्षकही होते, आणि साहेब त्या सगळ्यांच्या वर गात होते. पाढे म्हणू नयेत असा नियम पुस्तिकेत कुठेही सापडला नाही. मोतीरामांचा पहिला नंबर राहिला, साहेबांचा दुसरा आला, आणि कमलाकांतांना आयुष्यात पहिल्यांदा बढती मिळाल्यासारखं वाटलं.

आता साहेबांना तंबोरा रोज हवा होता. मॅडम काही परत येणार नव्हत्या. म्हणून कमलाकांतांनी इमारतीतली चार पोरं बैठकीत बसवली. चाराची पंधरा झाली, पंधराची तीस. रोज पाच वाजता छप्पर उडू लागलं, कमलाकांत मधोमध उभे राहून हाताने ताल देऊ लागले आणि साहेबांचा गळा कधी नव्हे एवढा खुलला. सतराचा पाढा मात्र रोज दोनतीनदा अडे, साहेब थांबत, आणि बरोबर आकडा सापडला की पुन्हा सुरू होत.

महिन्याभराने तळमजल्यावरचा ललित हातात कोरा कागद घेऊन आला.

"काका, मालकाले अर्ज द्याचा होता. मागचा तुमीच लिवला होता ना, लय कडक होता."

"कोनाच्या विरुद्ध?"

ललितने पायाचा अंगठा फरशीवर घासला. "तुमच्याच."

कमलाकांतांनी कपाटातून जुन्या अर्जाची प्रत काढली, चष्मा लावला आणि वाचता वाचता त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. 'असह्य'च्या आधी त्यांनी 'नितांत' घातलं, दुसरा परिच्छेद आणखी धारदार केला, आणि गैरअर्जदार म्हणून स्वतःचं नाव ठसठशीत लिहिलं. खाली सह्यांसाठी बारा रेघा आखून कागद ललितच्या हाती दिला.

स्वयंपाकघरातून आशाबाई हात पुसत आल्या. त्यांनी पेन मागून घेतलं आणि पहिल्या रेघेवर सही केली.

"तवा तर नाई म्हटलं होतं तुमी," कमलाकांत म्हणाले.

"तवा पाढे बरोबर होते," आशाबाई म्हणाल्या.