बोदलटोल्याचं टेहळणी विमान

"आपल्याच तोंडानं आपली तारीफ केली तं बराबर दिसत नाही," ब्लेझरवर पदकं टाचता टाचता उदेलाल पटले म्हणाले, "म्हणून मी नोकरीतल्या बकारामले बलावलो. तो बोलल, अन् मी नुसता मान खाली घालून लाजन!"

त्यांच्या पत्नी जमुनाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता त्यांनी विचारलं, "अन् त्यानं खरं सांगतलं तं?"

"खरं सांगाले तो नवेगाव बांधावरून येवढ्या दूर कायले येईल?"

जमुनाबाईंनी सूप जरा जास्तच जोरात आपटलं.

आता हे प्रकरण काय होतं ते आधी सांगितलं पाहिजे. उदेलाल पटले हे हवाई दलातून निवृत्त झालेले, आणि अख्खा बोदलटोला त्यांना 'पायलटकाका' म्हणत असे. ज्या विमानावर त्यांनी नोकरी केली ते टेहळणीचं विमान होतं. म्हणजे त्याला बंदूक नाही, बाँब नाही, पोटात नुसते कॅमेरे! दुश्मनाच्या डोक्यावरून सुसाट जायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. आता खरं सांगायचं तर जायचे साहेब, काढायचे कॅमेरे, आणि उदेलाल खाली एका अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली उभं राहून ते फोटो धुवायचे. पण उदेलालनी आपण पायलट आहोत असं कधीच म्हटलं नव्हतं! पहिल्या सुट्टीत आले तेव्हा कोणीतरी विचारलं, "विमानातच हायेस का रे?" ते म्हणाले, "विमानातच!" दुसऱ्या सुट्टीपर्यंत गावानं त्यांना मागच्या सीटवर बसवलं होतं, तिसऱ्या सुट्टीत पुढच्या. हवाई दलानं उभ्या नोकरीत दिल्या नाहीत इतक्या बढत्या गावानं पानठेल्यावर बसून दिल्या. घरी आलेल्या बढतीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे!

त्यातून त्यांची ती गोष्ट. पानठेल्यावर ती दर पंधरवड्याला व्हायची. "वरून पायलो तं काय! पांढरे तंबूच तंबू! मीच सगळ्यात आधी बोंबललो, छावणी! साहेब लोक धावले, फोनवर फोन! मंग पुढं काय झालं ते सांगाची परवानगी नाही." इथं उदेलाल चहाचा घोट घ्यायचे, आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा.

म्हणून यंदा ग्रामपंचायतीनं ठरवलं, की पंधरा ऑगस्टला चौकात विमानाची प्रतिकृती उभी करायची आणि पायलटकाकांचा सत्कार करायचा. सरपंच शामकलाबाई रहांगडाले एकदा ठरवलं की मागं हटणाऱ्या बाई नव्हत्या. विमानाचं काम त्यांनी देवानंदकडे दिलं. देवानंद म्हणजे पंचक्रोशीतला एकमेव वेल्डर, धान साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवण्यात हातखंडा! त्यानं दोन कोठ्या आडव्या जोडून विमानाचं धड केलं, जुन्या कूलरच्या पत्र्याचे पंख केले, ट्रॅक्टरची सीट बसवली आणि वर झाकण म्हणून छपराला लावतात तो पारदर्शक पत्रा बिजागरीवर लावला. शिवाय पंखांखाली दोन बाँब!

"अरे, याले बाँब नसतात रे बावा!" उदेलाल कळवळून म्हणाले.

"राहू द्या काका," देवानंद म्हणाला. "बिना बाँबचं विमान लगनातल्या बिना दाढीच्या मिशीवानी दिसते."

म्हणजे काय, हे त्यालाही माहीत नसावं. पण बाँब राहिले.

पंधरा ऑगस्टला सकाळी बकाराम कुंभरे एसटीतून उतरला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तळ्यातल्या ताज्या मासोळ्यांची पिशवी. दोघं मित्र किती वर्षांनी भेटत होते! उदेलालनी मिठी मारली, आणि मिठीतच कानात सांगितलं, "थोडं मोठं करून सांगजो."

"कायजी करू नोको," बकाराम म्हणाला. "माझा आवाज मोठाच हाय."

चौकात अख्खं गाव जमलं होतं. दहा फुटी लोखंडी खांबावर ते विमान बसवलेलं. रंग चांदीचा, नाक थोडं वाकडं. खांबालाच भोंगा बांधलेला. शामकलाबाईंनी नारळ फोडला आणि म्हणाल्या, "काका, आता तुमी वर जाऊन बसा. आमाले फोटो पायजे!"

"मी?"

"मंग का मी? पायलट तुमी हा ना!"

शिडी लागली. उदेलाल चढले. एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, पोट थोडं अडलं, ते श्वास आत घेऊन खाली सरकवलं आणि ट्रॅक्टरच्या सीटवर ते बसले. बसल्यावर मात्र त्यांना काहीतरीच वाटलं. इतकी वर्षं त्या विमानाच्या पोटाखाली वाकून त्यांनी फिल्मची डबी काढली होती. त्याची चाकं, त्याचं पोट, त्यावरचे तेलाचे डाग सगळं पाठ होतं. पण वर कधी कोणी बसू दिलं नव्हतं. समोर काही नव्हतं, एक लोखंडी दांडी होती फक्त. त्यांनी ती हळूच धरली.

"झाकण लावा! फोटोत बराबर दिसलं पायजे!" शामकलाबाई खालून ओरडल्या.

देवानंदनं झाकण लावलं. खट्‌ असा आवाज आला. आता देवानंदनं आयुष्यभर काय बनवलं होतं? कोठ्या! कोठीची कडी कुठून असते? बाहेरून! आतून कडी लावायला धानाला काय हात असतात?

फोटो निघाला. मांडववाल्यानं शिडी उचलली आणि सुटलेलं कापड बांधायला पार शाळेच्या टोकाला घेऊन गेला. उदेलालनी झाकण ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. त्यांनी हात हलवले. खाली सगळ्यांनी हात हलवले!

आणि तेवढ्यात भोंगा खरखरला. "आता आपले पावने, पायलटकाकाचे जोडीदार, बकारामजी कुंभरे, जुन्या आठवणी सांगतील!"

पत्र्याच्या कोठीत बसून भोंगा ऐकणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळे. प्रत्येक अक्षर उदेलालच्या मणक्यातून वर चढत होतं.

"राम राम मंडळी," बकाराम म्हणाला. "मी काही मोठा माणूस नाही जी. विमान उतरलं का त्याच्या मागून एक छत्री उघडे, विमान थांबाले. ते छत्री मी वेचून आणो अन् घडी करो. म्हणजे मी विमानाचा लंगोट सांभाळो, असं समजा."

गाव खदखदून हसलं. उदेलालना जरा बरं वाटलं. सुरुवात तर चांगली होती.

"पण उदेलालची गोष्ट वेगळी! तो अंधारात काम करे. हात दिसे नाही असा अंधार!"

"रातचं विमान चालवे!" गर्दीतून कोणीतरी समजावून सांगितलं. टाळ्या!

"एक लाल बत्ती जळे, बस!"

"धोक्याची बत्ती!" टाळ्या!

"अन् सारा दिवस हात पान्यात!"

इथं गाव क्षणभर अडलं. पण शामकलाबाईंनी लगेच माईक ओढून घेतला. "म्हणजे काका नेव्हीतबी होते! पाहा मंडळी, कधी बोलले नाहीत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. वर उदेलालनी घाम पुसला. बकाराम खरं बोलत होता आणि तरी काही बिघडत नव्हतं!

"आता तुमाले ते तंबूची गोष्ट सांगतो," बकाराम म्हणाला.

उदेलालचा हात घाम पुसता पुसता थांबला. त्यांनी काचेवर, म्हणजे पत्र्यावर, थाप मारली. मग बुक्की. मग दोन्ही बुक्क्या. ठण! ठण! ठण!

"हां, असाच आवाज ये विमानाचा!" बकाराम खूश होऊन म्हणाला. "तं एक दिवस विमान लय दूर जाऊन आलं. उदेलालनं फिल्म धुतली अन् ओला फोटो घेऊन बाहेर पळाला. छावणी! छावणी! पाहतो तं काय, पांढरे तंबूच तंबू, ओळीनं! साहेब लोक जमा झाले. फोनवर फोन! कोणी जेवला नाही, कोणाले जेवू देल्लं नाही. मंग मोठे साहेब आले. त्याईनं भिंग लावलं. पाहतच राहिले, पाहतच राहिले. अन् हळूच म्हणतात..."

ठण! ठण! ठण! ठण!

"...'अरे, ये तो मेरा पजामा है!'"

बकारामनं माईक दुसऱ्या हातात घेतला.

"कॅमेरा बंदच नव्हता झाला जी! येता येता आपल्याच कँपाचा फोटो निंगला. ते तंबू नव्हते, धोब्याची दोरी होती! साहेबाचा पजामा, मेसच्या चादरी, अन् कडेले एक लहानसा तंबू होता, तो उदेलालचा बनियान!"

असं हसू बोदलटोल्यात कधी उसळलं नव्हतं! म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर कोसळले. पानठेलेवाला तर खाली बसला. आणि वर एक नवीनच भानगड सुरू झाली. देवानंदनं कोणाला न सांगता खांबाच्या टोकाला ट्रॅक्टरचं बेअरिंग बसवलं होतं, वाऱ्यानं विमान फिरावं म्हणून. वारा नव्हता, पण उदेलालच्या बुक्क्या होत्या! विमान कुरकुरलं आणि हळूहळू फिरायला लागलं.

हसू ओसरल्यावर शामकलाबाईंनी डोळे पुसत विचारलं, "मंग भाऊ, विमान कोण चालवे?"

"साहेब चालवे ना जी."

"अन् काका?"

"उदेलालनं तं त्यात पायबी नाही ठेवला. लय मन होतं त्याचं. कोणी बसूच दे नाही." बकारामनं वर पाहिलं आणि विमानाकडे बोट दाखवलं. "आज बसला गड्या!"

सगळ्या गावानं माना वर केल्या. त्या पारदर्शक पत्र्यामागून उदेलालचा चेहरा आला, गेला, पाठ आली, पुन्हा चेहरा आला. उदेलालना वाटलं, हे विमान आत्ता उडून जाईल तर किती बरं होईल! त्यांनी लाजेनं नजर दूर वळवली. शाळा गेली, देऊळ गेलं, धानाच्या हिरव्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आली, आणि त्या बांध्यांत एक काळा ठिपका दिसला.

ठिपका हलला. ठिपक्याला शिंगं होती. ती त्यांचीच म्हैस होती, दावं तोडून आलेली. आणि ती बांधी शामकलाबाईंची होती, नुकतीच रोवणी झालेली!

"भैस!" उदेलाल जिवाच्या आकांतानं ओरडले. "भैस! भैस!"

पण कोठीतून बाहेर पडता पडता शब्दाचा पत्रा झाला.

"देस!" शामकलाबाईंनी ऐकलं. त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पायलट असो नसो, माणूस देशाचं नाव घेत होता! त्यांनी माईक उचलला. "भारत माता की..."

"जय!"

"भैस! भैस!"

"भारत माता की..."

"जय!"

विमान गरागरा फिरत होतं, आतून आरोळ्या येत होत्या, खालून जयजयकार होत होता, आणि म्हैस शांतपणे दुसऱ्या बांधीत शिरली. या माणसाची हाक जन्मभर ऐकणारी एकच बाई त्या गर्दीत होती. जमुनाबाईंनी कान दिला आणि कपाळावर हात मारला.

"अवो बाई, देस नाही! भैस म्हणून राहिले ते! आमची भैस तुमच्या धानात घुसली!"

जयजयकार मध्येच तुटला. अख्खं गाव शेताकडे पळालं, शामकलाबाई पदर खोचून सगळ्यांत पुढे! चौकात राहिले देवानंद आणि बकाराम. देवानंदनं शिडी आणली, पण कडी वाकली होती. शेवटी त्यानं कटर लावून मागून पत्रा कापला. उदेलाल शेपटीकडून उलटे बाहेर आले. ब्लेझर आतच राहिला, पदकांसकट. डोळे अजून फिरत होते. खाली टेकता टेकता त्यांनी शिडीऐवजी बकारामला धरलं.

"काऊन सांगतलास रे?"

"तूच तं म्हणलास, मोठं करून सांग," बकाराम म्हणाला. "बनियान लहानच होता, मीच मोठा केलो!"

दुपारी बकारामची एसटी निघून गेली. संध्याकाळी उदेलाल ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. जमुनाबाईंनी मासोळीचा रस्सा आणि भात समोर ठेवला.

"सारं गाव हासून राहिलं असल," ते म्हणाले.

"हासू द्या. मले तं पयल्या सुट्टीपासून मालूम होतं."

उदेलालनी मान वळवली. "काय?"

"तुमच्या बोटाले त्या फोटोच्या दवाईचा आंबूस वास ये. आठ आठ दिवस जाये नाही. पायलटच्या बोटाले असा वास येते काय?"

"मंग बोललीस काऊन नाही?"

"कायले बोलू? तुमी गोष्ट सांगता तवा चांगले दिसता." त्या आत निघून गेल्या. उदेलालनी रस्सा संपवला, वाटीसुद्धा पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. शामकलाबाई! हातात बटवा. म्हैस सरळ गोठ्यात तोंड लपवून उभी राहिली, उदेलालना तीही सोय नव्हती.

"बाई, धानाचं जे नुकसान झालं..." ते हात जोडून म्हणाले.

"ते पाहू मंग." शामकलाबाईंनी बटव्यातून आधार कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "काका, तुमी फोटो धुवाचे ना? मंग येवढा धुऊन द्या. यात मी मेल्यावानी दिसून राहिली."

उदेलालनी कार्ड उजेडात धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खरं सांगावंसं वाटलं, की बाई, आता हे असं धुता येत नसते. पण गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. काल खाल्लेलं बाईंचंच धान, अजून!

"देतो," ते खालच्या आवाजात म्हणाले.

आणि जमुनाबाईंनी आतून भांड्याचा साबण आणून दिला.