एवाझियोचा सोपा गिअर

"चार मिलिमीटर म्हणजे किती गं?" स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एवाझियोनं विचारलं.

देल्फिना उद्याच्या जेवणातल्या आन्योलोत्तीसाठी, म्हणजे करंजीसारख्या भरलेल्या पास्त्यासाठी, मांसाचं सारण कालवत होती. तिनं मान वर केली नाही. "माझ्या आन्योलोत्तीची पारी मी एका मिलिमीटरची लाटते. म्हणजे चार पाऱ्या."

"आणि पोलादाच्या?"

"पोलादाच्या मी लाटत नाही. का?"

एवाझियो न्हावी होता. जन्मभर गावच्या लोकांच्या दाढ्या केलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना वाद घालू नये, हे त्याला कळत होतं. आज मात्र वस्तरा देल्फिनाच्या हातात होता. तो हळूच मागं सरकला आणि जाताजाता दारामागचं लाटणं उचलून घेऊन गेला.

प्रकरण सुरू झालं होतं डॉक्टरपासून. एवाझियोच्या गुडघ्यांचे फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले होते, "यात वंगण राहिलेलं नाही. सायकलवर चढ सोडा, नाहीतर गिअर सोपा करा." चढ सोडणं शक्य नव्हतं. मोंफेर्रातोच्या टेकड्यांत राहायचं आणि चढ सोडायचा, म्हणजे अंगणातल्या अंगणात गोल फिरायचं. शिवाय दर सप्टेंबरात पोलादी सायकलवाल्यांच्या मंडळाची सान ग्रातोच्या देवळापर्यंतची फेरी असे. गेल्या वर्षी शेवटच्या चढावर एवाझियोला उतरावं लागलं होतं, आणि सगळे पुढं जाईपर्यंत तो चांगल्या चाकातलं पंक्चर शोधत बसला होता.

राहिला सोपा गिअर. त्याच्या आड सेकोंदो उभा होता.

सेकोंदो म्हणजे दुसरा. आईबापांनी नाव ठेवलं ते दुसरा मुलगा म्हणून. पण त्यानंतर तो कुठंही दुसरा आला नाही. पूर्वी त्याचं मांसाचं दुकान होतं, आता तो मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळाचा नियम त्यानंच केला होता: सायकल पोलादाची हवी, आणि तिच्यावरची प्रत्येक वस्तू सायकलच्या वयाची हवी. मागं एकानं प्लॅस्टिकची नवी बाटली लावून आणली, तर सेकोंदोनं ती काढायला लावली आणि त्या बिचाऱ्याला वाटेतल्या झऱ्यावर ओंजळीनं पाणी प्यायला लावलं. "आज बाटली," सेकोंदो म्हणाला, "उद्या मोटार लावाल."

एवाझियोची सायकल आकाशी रंगाची. लग्नाच्या आधीच्या वर्षी आलेसांद्रियातल्या एका कारागिरानं त्याच्या मापानं जोडून दिलेली. 'लग्नाआधी' हे तो फार सांगत नसे, कारण मग देल्फिना विचारी, "तिचं माप घेतलं होतंस, माझं कुठं घेतलंस?"

तर तो गुपचूप काझालेला नीवेसच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेला. नीवेस चाळिशीची, हात काळे, जीभ मोकळी.

"मागच्या चाकाला एक मोठी दातेरी चकती बसवून दे. एकच. कुणाला दिसायची नाही."

"बसवते की, सिन्योर एवाझियो. पण तुमचा जुना गिअर तिथवर पोचायचा नाही. तो बदलावा लागेल."

"बदल. एवढंच ना?"

"नव्या गिअरला बारीक चेन लागते."

"घाल."

"बारीक चेन तुमच्या पुढच्या जाड चकत्यांवर बसत नाही. निसटेल आणि तुम्ही पडाल."

"मग चकत्याही घाल!"

"घालते. पण नव्या चकत्या पेडलांच्या जुन्या आसावर बसत नाहीत."

एवाझियो स्टुलावर बसला. गिऱ्हाईक नुसती मिशी कोरायला यावं आणि न्हाव्यानं डोकं, दाढी, भुवया सगळं उतरवून ठेवावं, तसं त्याला झालं. पण अर्धी मिशी घेऊन उठता येत नाही. दर दोन दिवसांनी एक पुडकं घरी येऊ लागलं. पुढं असं निघालं की नव्या गिअरचा खटका ब्रेकच्या मुठीतच असतो, म्हणून ब्रेकच्या मुठी बदलल्या; त्या मुठी जुन्या हँडलवर नीट बसेनात, म्हणून हँडल बदललं; नवं हँडल धरायला पुढचा खुंटही बदलला; आणि मागच्या नव्या चकत्या जुन्या चाकावर बसेनात, म्हणून मागचं चाकही नवं आलं.

पेडलांचा आस काढायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. फोनवरच्या व्हिडिओत एक इंग्रज गृहस्थ शांतपणे समजावत होते की आसाला धरून ठेवणारी उजवीकडची वाटी नेहमी उलट्या बाजूनं फिरवून काढायची असते. एवाझियोनं फिरवली. हलली नाही. त्यानं पान्याला पाइप जोडला आणि त्यावर लोंबकळला. वाटी करकरली आणि थोडी फिरली. त्याला आनंद झाला. संध्याकाळपर्यंत तो त्या आनंदात होता.

"हे उघडतंय की बसतंय?" देल्फिनानं बाजूनं जाताना विचारलं.

"उघडतंय. इंग्रज सांगतोय ना."

"सायकल इटालियन आहे. तिला इंग्रजाचं काय कळणार?"

खरंच इटालियन सायकलींचे आटे निराळे निघाले. जे तो दिवसभर उघडत होता, ते आवळलं जात होतं. दुसऱ्या दिवशी नीवेसनं ती वाटी काढली, तेव्हा तिच्या तोंडून निघालेले शब्द एवाझियोनं आपल्या दुकानात पूर्वी फक्त बैलगाडीवाल्यांकडून ऐकले होते.

आणि आता फेरीच्या आदल्या दिवशी, सगळं बसल्यावर, मागचं चाक बसेना. नवं चाक जुन्या फ्रेमपेक्षा चार मिलिमीटर रुंद होतं.

"पोलाद आहे, वाकतं," नीवेस म्हणाली होती. "मंगळवारी आणा, साच्यात धरून नीट रुंद करून देते."

"फेरी उद्या आहे."

"मग उद्या चालत जा."

म्हणून हे लाटणं. देल्फिनाचं लाटणं हातभर लांब, पोटात जाड, टोकांना निमुळतं. फ्रेमच्या मागच्या दोन नळ्यांमध्ये ते पाचरीसारखं ठोकायचं, की नळ्या फाकतील, असा हिशेब. एवाझियोनं कोठीत दार लावून बुटानं ठोकायला सुरुवात केली. लाटणं आत गेलं. नळ्या फाकल्या. चाक बाहेरूनच टोकांशी धरून माप बघितलं तर अगदी बेताचं बसणार होतं. त्यानं छातीवर क्रूस काढला आणि लाटणं ओढलं.

लाटणं येईना.

"एवाझियो!" स्वयंपाकघरातून हाक आली. "माझं लाटणं कुठंय?"

"आहे."

"आहे ते ठाऊक आहे. कुठं आहे?"

दार उघडलं गेलं. देल्फिनानं फ्रेमकडे पाहिलं. लाटण्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, ते सगळ्यांत जास्त वेळ.

"उद्या मंडळाच्या वीस माणसांचे आन्योलोत्ती करायचेत मला," ती शांतपणे म्हणाली, आणि तिचं शांत बोलणं ऐकून एवाझियोला घाम फुटला. "आता मी या सायकलनं पारी लाटू?"

"करवतीनं कापून काढू का?"

"सायकल कापणार असशील तर काप."

करवतीचा विषय संपला. देल्फिनानं ऑलिव्हचं तेल मागवलं. एवाझियो तळणाची बाटली घेऊन आला. "ती नको, चांगलं आण. पारीला वास लागेल." मग तिनं लाटण्याला तेल चोळलं, जमिनीवर बसली, दोन्ही पाय फ्रेमला लावले आणि एक टोक धरलं. एवाझियोनं फ्रेम कवटाळली.

"ओढ!" देल्फिना म्हणाली.

"तू ओढ! मी फ्रेम धरलीय!"

"मीही धरलंय! मग ओढायचं कुणी?"

दोघांनी ओरडत एकदम ओढलं, कुठंतरी 'पुक्' असा आवाज झाला, देल्फिना लाटण्यासकट बटाट्यांच्या पोत्यात गेली आणि एवाझियो सायकलसकट दारात. थोडा वेळ दोघं जिथल्या तिथं पडून राहिले. मग पोत्यातून हसण्याचा आवाज येऊ लागला. एवाझियोनं ऐकलं, आणि तोही हसू लागला. गेले तीन आठवडे या घरात कुणी इतकं हसलं नव्हतं.

नळ्या फाकलेल्याच राहिल्या होत्या. चाक मुकाट्यानं आत बसलं.

"आता सेकोंदोला काय सांगशील?" देल्फिनानं केसांतली माती झटकत विचारलं.

"त्याला दिसणारच नाही. मी सगळ्यांच्या आधी निघतो, सायकल देवळामागं उभी करतो, वर कोट टाकतो."

"आणि परतताना?"

तिथवर त्यानं विचार केला नव्हता.

सकाळी धुकं द्राक्षांच्या मळ्यांवर पसरलेलं असतानाच तो निघाला. पहिल्या चढावर त्यानं खटका दाबला. चेन मोठ्या चकतीवर चढली, आणि एवाझियोला वाटलं, मागून कुणीतरी सीटला धरून हलकेच ढकलतंय. त्यानं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. गुडघे फिरत होते आणि तक्रार करत नव्हते. तो गाऊ लागला. वेग पायी चालणाऱ्या म्हातारीएवढाच होता. पण चढावर गाता येतं, हेच तो विसरून गेला होता.

देवळाखालच्या शेवटच्या उभ्या वळणावर गाणं एकदम थांबलं. पुढं रस्त्यात सेकोंदो होता. तो सायकलवर बसलेला नव्हता. वाकून, धापा टाकत, आपली लाल पोलादी सायकल हातानं ढकलत वर नेत होता.

लपायला जागा नव्हती, दोघांनाही.

"तू इतक्या लवकर?" सेकोंदो म्हणाला.

"तू?"

"मला टेबलं मांडायची असतात."

"ढकलत?"

सेकोंदोनं कपाळ पुसलं. सायकलीला टेकून तो उभा राहिला आणि खालच्या दरीकडे बघत राहिला. "दोन वर्षं झाली," शेवटी तो म्हणाला. "छाती भरून येते. सगळ्यांच्या आधी निघतो, पाय ओढत वर येतो, आणि ते येतात तेव्हा पंख्यासारखी टोपी हलवत बसतो. तू बोलायचं नाहीस कुणाला."

"नाही बोलणार."

"शपथ घे."

"सान ग्रातोची शपथ."

मग सेकोंदोची नजर खाली गेली. मागच्या चकत्यांवर, चेनवर, मुठींवर, हँडलवर. एवाझियोनं कोट पुढं केला, पण कोटानं हत्ती झाकला जात नाही. सेकोंदोचे कान लाल झाले. तो सायकलभोवती एकदा फिरला, दुकानात आलेल्या संशयास्पद गाईभोवती फिरावं तसा.

"यात तुझं जुनं काय राहिलंय?"

"फ्रेम," एवाझियो म्हणाला. "आणि मी."

सेकोंदोनं वाकून मोठ्या चकतीवरून बोट फिरवलं.

"सोपं जातं?" त्यानं विचारलं.

"गात आलो."

"खोटं."

"बसून बघ."

सेकोंदोनं खालच्या रस्त्याकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. त्यानं आपली लाल सायकल एवाझियोच्या हातात दिली. "त्या वळणापर्यंत जातो," तो म्हणाला, "नुसतं बघायला. नियम मोडत नाही, तपासणी करतोय." तो बसला. खटका कसा दाबायचा ते एवाझियोनं दाखवलं. सायकल हलली, डगमगली, आणि वर जाऊ लागली. वळणाशी ती थांबली नाही. वळणापलीकडून एक आवाज आला. आधी वाटलं सेकोंदो पडला, मग कळलं की तो हसतोय.

एवाझियोनं लाल सायकलवर बसून पाहिलं. पेडल भिंतीसारखं घट्ट होतं. तो उतरला आणि ढकलू लागला. अर्ध्या वाटेवर मागून सगळं मंडळ आलं, आणि एवाझियो सेकोंदोची सायकल ढकलतोय हे पाहून सगळेच पेडल मारायचे थांबले. खरं म्हणजे थांबायला त्यांना निमित्त हवंच होतं.

देवळाच्या अंगणात देल्फिना व्हॅनमधून आन्योलोत्तीचं पातेलं घेऊन आली होती. टेबलं मांडलेली नव्हती. सेकोंदोही नव्हता.

"अध्यक्ष कुठंयत?" सगळ्यांनी एवाझियोला घेरलं. "त्यांची सायकल तुझ्याकडं कशी? तुझी कुठंय?"

शपथ घेतलेली असल्यामुळं एवाझियोला सेकोंदोबद्दल काही सांगता येईना. मग त्यानं स्वतःबद्दलच सगळं सांगून टाकलं: गुडघे, चकती, चेन, आस, लाटणं. "नियम मोडला मी. अध्यक्ष ती तपासायला घेऊन गेलेत." आणि बाटलीवाल्यासारखी आपलीही गत होणार, असं धरून त्यानं मान खाली घातली.

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मग खजिनदारानं घसा साफ केला, जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "मोठ्या चकतीला दाते किती रे?" त्याच्या मागून दुसरा आला. तिसऱ्यानं नीवेसचं दुकान किती वाजता उघडतं ते विचारलं. बाटलीवाला तर लाटण्याबद्दल देल्फिनाशीच बोलायला गेला, आणि तिथून फार लवकर परत आला.

इतक्यात एवाझियोचा फोन वाजला.

"सेकोंदो! अरे आहेस कुठं? पारी फुगून चाललीय!"

"देवळाच्या पुढच्या टेकडीच्या पुढच्या टेकडीवर," सेकोंदोचा आवाज धापा टाकत होता, पण त्या धापा निराळ्या होत्या. "अरे, इथून मोंविझोचं शिखर दिसतंय! बर्फासकट! तीस वर्षांत इथवर आलो नव्हतो. तुम्ही जेवायला बसा. मी जरा पलीकडं काय आहे ते बघून येतो."

"आणि मी घरी कसा जाऊ? माझी सायकल?"

"माझी आहे ना तुझ्याकडं," सेकोंदो म्हणाला. "घरी सगळा उतार आहे, मित्रा. उताराला गिअर लागत नाहीत."