आप्पा गुप्त्यांची बशी

सकाळी आप्पा गुप्ते बशी घेऊन गॅलरीत निघाले, की आमच्या मजल्यावरच्या बायका लगबगीने काहीतरी झाकायच्या. कोणी जिलबीची पुडी, कोणी पोराच्या हातातलं बिस्कीट. बशीत आदल्या दिवशी कोणाकडून तरी मागून नेलेल्या खाऊतली साखर असे, धुऊन, आटवून वेगळी काढलेली. आप्पा कोणाच्या घरात पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेरूनच बशी पुढे करत आणि विचारत, "याला आधार कशाचा?"

आधार म्हणजे पोटात गेल्यावर जे टिकतं, अंगी लागतं ते. भाकरीला आधार होता, उसळीला होता, शेंगदाण्यांना तर भरपूर होता. चहा-बटरला नव्हता. परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवून आप्पा निवृत्त झाले होते आणि ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत टोकाच्या खोलीत एकटेच राहत. शाळा सुटली तरी प्रयोग सुटले नव्हते. चौपाटीवरच्या सभेहून आम्ही भारावून परतायचो आणि जिना चढता चढता आप्पा म्हणायचे, "भाषण गोड होतं, पण आधार कशाचा?" एकदा एका वक्त्याने नुसते मुद्दे मांडले, घोषणा एकही दिली नाही. लोक कंटाळले. आप्पा खुशीत होते. म्हणाले, "आज उसळ होती."

मी त्यांच्या तावडीत सापडले ती मक्याच्या पोह्यांमुळे. ह्यांची बदली भुसावळला झालेली, माझं ऑफिस दादरला, आणि सुलभा, आमची एकुलती एक, कॉलेजात. सकाळची कामं क्रमाने लागली नाहीत तर माझा सगळा दिवस विस्कटतो. त्यात ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. सुलभा एकही मोर्चा सोडत नसे. पोरगी काटकुळी, जेवायला वेळ नाही, घोषणांना मात्र खणखणीत आवाज. म्हणून मी फोर्टातल्या एका मोठ्या दुकानातून साखर लावलेल्या मक्याच्या पोह्यांचं खोकं आणलं. वर गुबगुबीत हसरं मूल आणि व्हिटॅमिनांची लांबलचक रांग. पोहे म्हटल्यावर पहिल्या दिवशी मी सवयीने ते भिजवले आणि मोहरी-हिंगाची फोडणी दिली. जे तयार झालं त्याला खीर म्हणता येईना आणि पिठलंही. दुसऱ्या दिवसापासून खोक्यावर लिहिल्याप्रमाणे थंड दूध. स्टोव्ह नको, पातेलं नको, पोरगी खाऊन जिन्याला लागलेली. मला अगदी हायसं वाटलं.

आप्पांनी मूठभर पोहे मागून नेले, तेव्हाच मी काय ते ओळखलं. संध्याकाळी ते दोन बश्या घेऊन हजर. पोहे कोमट पाण्यात धुऊन, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून, ते पाणी त्यांनी आटवलं होतं. एका बशीत तांबूस चिकट साखर, दुसरीत ओल्या कागदासारखे पोहे. दोन्ही बश्या त्यांनी गॅलरीत मांडल्या. मुंग्या साखरेला लागल्या. पोह्यांकडे एकही फिरकली नाही.

मी म्हटलं, खोक्यावर प्रोटीनं लिहिली आहेत त्याचं काय?

"बारीक अक्षरं वाचा, वहिनी. 'पेलाभर दुधासह' लिहिलंय. कष्ट म्हशीचे आणि नाव पोह्यांचं. मुंबई आम्हीच घडवली म्हणून सांगणारे शेटजी दुसरं काय करतात?"

सुलभा पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पोहे खाऊन मोर्चाला गेली.

मग एका दुपारी ऑफिसात बातमी आली, फोर्टकडे गोळीबार झाला. ट्राम बंद. मी दादरहून चालत निघाले. घरी पोचले तर सुलभा आलेली नव्हती. शेजारणी येऊन धीर देऊन गेल्या. मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली, डबे पुसले, पुन्हा जागच्या जागी लावले. आप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. बऱ्याच वेळाने दाराशी आले आणि विचारलं, सकाळी काही खाऊन गेली का?

मी फटकन म्हणाले, "खाल्ले ना, तुमचे ते बिनआधाराचे पोहे."

ते खालच्या आवाजात म्हणाले, "आज ती 'येते' म्हणाली नाही."

तेव्हा मला कळलं. रोज सकाळी जिन्याच्या तोंडाशी आप्पा तिच्या हातात चणे, शेंगदाणे आणि गुळाची पुडी ठेवत. ती म्हणायची, "आप्पा, येते." आज ते नळावर होते. चपलांचा आवाज ऐकून धावले, कोपऱ्यापर्यंत गेले, पण ती दिसली नाही. आमच्या लिंबू-मिरचीला हसणारा, मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांना शाळेत बाकावर उभं करणारा हा माणूस त्या एका शब्दावर अडून बसला होता. पुडी अजून मुठीत होती. घामाने कागद फाटत आला होता.

सुलभा दिवेलागणीला आली. पायात एकच चप्पल, अश्रुधुराने डोळे लालभडक, दात वाजत होते. ऊन पाणी द्यावं की आधी डोळे धुवावेत, मला काही सुचेना. आप्पा पहिल्यांदाच आमचा उंबरा ओलांडून आत आले. फळीवरचं खोकं काढलं, वाडग्यात पोहे ओतले, दूध घातलं आणि वर चमचाभर साखर घातली.

"आप्पा, साखर?" मी विचारलं.

"आज साखरच. आधाराचं मग बघू."

सुलभा भराभरा खात होती. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "आप्पा, याला आधार कशाचा हो?"

तिचं संपल्यावर आप्पा वाडगा घेऊन मोरीत गेले. एवढासा वाडगा, पण धुवायला त्यांना फार वेळ लागला.

आता हिला घराबाहेर सोडायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. कॉलेज उघडलं त्या सकाळी सुलभा वेणी घालून, माझ्या चपला पायात अडकवून तयार. पण मी दार अडवलं नाही. मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. आप्पा उभे होते. हातात बशी नव्हती, दोन पुड्या होत्या. एक त्यांनी सुलभाला दिली.

"येते हं, आप्पा."

"ये," ते म्हणाले आणि शेवटच्या पायरीपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "वहिनी, तुम्हीही रोज ऑफिसला जाता. जाताना सांगून जात जा." दुसरी पुडी त्यांनी माझ्यापुढे धरली. नजर मात्र जिन्याकडेच होती.