साठ लिटरची काकी

"व्हिडिओ असा करून देते, काका, की अख्खं अकोला पाहत राहील!"

प्रियदर्शनी तायडेनं हे वाक्य ज्या थाटात टाकलं, त्या थाटात लोक निवडणुकीचा फॉर्मसुद्धा भरत नाहीत. पुण्याच्या एका कंपनीत ती चांगली चार वर्षं व्हिडिओ कापण्याचं काम करून आली होती. आता अमरावतीत, वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत, तिनं स्वतःचं दुकान थाटलं होतं. धंदेवाल्यांसाठी व्हिडिओ बनवायचे, ते इंटरनेटवर चढवायचे आणि गिऱ्हाइकांच्या फोनपर्यंत पोहोचवायचे. पाटी लागली, कॅमेरा आला, दिवे आले. गिऱ्हाईक तेवढं येत नव्हतं. आलं ते अकोल्याच्या जुन्या शहरातून: नत्थुजी डवले, डवले कूलरवाले.

नत्थुजी म्हणजे साठीचा, पत्र्यासारखाच कडक माणूस. जन्मभर कूलर ठोकून ठोकून त्यांचे कान अर्धे गेले होते. त्यामुळे ते समोरच्या माणसाशी अशा आवाजात बोलत, जणू तो मोर्णा नदीच्या पलीकडच्या काठावर उभा आहे.

"लोकं ऑनलाइन कूलर घेऊन राहिले, पोरी! माया कूलर काय वाईट आहे? माया कूलर गावाले दिसला पायजे!"

"दिसेल ना, काका. आपण प्रत्येक कूलरवर एक स्टिकर लावू. त्यावर फोन धरला की सरळ तुमचा व्हिडिओ सुरू."

"म्हणजे कूलरमंदी मी दिसीन?"

"फोनमध्ये, काका. फोनमध्ये."

शूटिंग झालं. नत्थुजी पांढराशुभ्र शर्ट घालून कूलरशेजारी उभे राहिले. प्रियदर्शनीला वाटलं होतं, कॅमेरा पाहून गडी गारठेल. कसलं काय! नत्थुजी सुटले ते सुटलेच. पंखा सांगितला, मोटर सांगितली, आणि टाकीवर आल्यावर तर त्यांना थांबवणं मुश्कील झालं. कूलरचा जीव पाण्याच्या टाकीत असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. टाकीबद्दल ते इतकं बोलले, की एवढं कौतुक लोक मुलीच्या स्थळासमोरसुद्धा करत नाहीत.

त्यांच्या बायकोला, चतुराबाईला, मात्र शूटिंगच्या दिवशी वेळ नव्हता. ती कारखान्याच्या मागच्या बाजूला कामगारांवर डाफरत होती. जुन्या शहरातली अख्खी गल्ली तिला काकी म्हणायची. कामगार काकी म्हणायचे, भाजीवाला काकी म्हणायचा, पलीकडच्या गल्लीतले पंच्याहत्तरीचे वकीलसुद्धा काकीच म्हणायचे. अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार. कारखान्याच्या गेटची किल्ली कायम तिच्या कमरेला.

अमरावतीला येऊन प्रियदर्शनीनं व्हिडिओ कापला. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात शुद्ध मराठीत प्रस्तावना, मग नत्थुजी. राहिलं होतं फक्त खाली अक्षरं टाकायचं काम. आजकाल माणसं व्हिडिओ आवाज बंद ठेवूनच पाहतात: एसटीत, ऑफिसात, सासऱ्यासमोर. अक्षरं नसली तर बोलणारा नुसता मासोळीसारखा तोंड हलवताना दिसतो. म्हणून तिनं व्हिडिओ मशीनला दिला. मशीन आपोआप ऐकतं, आपोआप लिहितं. प्रस्तावना वाचून पाहिली तर अक्षर न अक्षर बरोबर! वेलांटीसुद्धा चुकली नव्हती!

"क्या बात है!" ती म्हणाली. पुढचं वाचायची गरज तिला वाटली नाही. नत्थुजींना व्हिडिओ पाठवला. नत्थुजींनी चष्मा न लावता, आवाज पूर्ण वाढवून तो ऐकला आणि फोनवर ओरडले, "एकदम झकास! चढवून दे!"

चढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत व्हिडिओ वीस हजार लोकांनी पाहिला होता! प्रियदर्शनी खुर्चीवरून उठली, बसली, पुन्हा उठली. बाहेर ओट्यावर तिचे वडील देवमनजी, वीज खात्यातून रिटायर झालेले, फोन हातात घेऊन बसले होते.

"बाबा, पाहिलं का? वीस हजार!"

"तेच पाहून राहिलो. एक सांग बेटा, हे काकी कोण आहे?"

"कोण काकी?"

"या माणसाची. बिचारीले माळ्यावर काहून टाकून राहिले?"

प्रियदर्शनीनं फोन हिसकावून घेतला. पुण्याच्या मराठीवर वाढलेल्या त्या मशीननं नत्थुजींची वऱ्हाडी ऐकली होती आणि आपल्या अकलेप्रमाणे लिहून काढली होती. जिथं जिथं नत्थुजी टाकी म्हणाले, तिथं तिथं मशीननं ऐकलं होतं काकी! पडद्यावर नत्थुजी अभिमानानं हात पसरून उभे होते, आणि खाली ठळक पिवळ्या अक्षरांत येत होतं:

'आमची काकी साठ लिटरची आहे.'

'काकीले गंज येत नाही. आतून-बाहेरून रंगाचे दोन हात मारले आहेत.'

'काकीले खालून चाकं आहेत. ढकलली का चालते.'

'उन्हाळा सरला का काकी उलटी करा, फडक्यानं पुसा अन माळ्यावर टाका.'

आणि त्यावर कडी म्हणजे योजना:

'जुनी काकी आणून द्या, नवी घेऊन जा!'

मोटरीचा मास्तर झाला होता, ते वेगळंच. 'आमचा मास्तर पाण्यात बसून फिरतो, पण आवाज करत नाही,' या वाक्याखाली तीन निवृत्त शिक्षकांनी निषेध नोंदवला होता.

"बाबा," प्रियदर्शनी खाली बसत म्हणाली, "मी मेली."

"मरू नको. पयले त्या काकीले पाह्य."

काकी त्या वेळी कारखान्याला लागूनच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होती. नत्थुजींचा फोन सकाळपासून थांबत नव्हता. कानाचं तसं असल्यामुळे ते फोन स्पीकरवर टाकूनच बोलत.

"हॅलो, डवले काका का? काकी भेटते का?"

"भेटते ना!" नत्थुजी खूश होऊन ओरडले. त्यांना बरोब्बर टाकीच ऐकू आलं होतं. "पण एकटी नाही देत. कूलरसंगच घ्या लागते!"

पलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं. चतुराबाईची गाळणी हवेतच थांबली.

"अन जुनी काकी परत घेता म्हणे?"

"घेतो ना बाप्पा! गंजलेली असो, गळत असो, पोचे आलेली असो! फक्त आणून तुमी द्या. उचलाले आमच्याजवळ माणसं नाहीत!"

"कोणाची काकी आणून राहिले तुमी?" चतुराबाई कमरेवर हात ठेवून समोर आली.

"लोकाईच्या," नत्थुजी म्हणाले. "धंदा वाढला, चतुरा!"

त्याच वेळी माहेराहून, म्हणजे रिद्धपूरहून, तिच्या भावजयीचा, बेबीताईचा, फोन आला. बेबीताई आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, "बाई, भाऊजींनी तुमाले माळ्यावर टाकायचं ठरवलं म्हणे? पुसून तरी टाका म्हणा!" आणि तिनं व्हिडिओ पाठवला.

चतुराबाईच्या फोनचा आवाज कायम बंद असायचा. कारखान्याच्या ठोकाठोकीत फोन ऐकून करायचं काय? तिनं नुसती अक्षरं वाचली. 'साठ लिटर' वाचलं. 'रंगाचे दोन हात' वाचले. 'उलटी करा' पर्यंत आली आणि फोन पिठाच्या डब्यात फेकला. पुढचं तिनं पाहिलंच नाही. कामगारांना बाहेर काढलं, गेटला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारात खुर्ची टाकून बसली.

"चतुरा, सीझन आहे!" नत्थुजी कुलपाकडे पाहत म्हणाले. अकोल्याचा एप्रिल होता. बाहेर रस्ता तव्यासारखा तापला होता आणि आत तयार कूलर ओळीनं उभे होते, प्रत्येकावर एक स्टिकर घेऊन.

"नव्या काकीले सांगा उघडाले!"

प्रियदर्शनीला हे फोनवर कळलं. पण ती हार मानणारी नव्हती. जुना व्हिडिओ तिनं खाली उतरवला. मग एकेक वाक्य कशाला दुरुस्त करायचं? तिनं कॉम्प्युटरला एकच हुकूम दिला: जिथं काकी दिसेल, तिथं टाकी कर. मास्तरची मोटर कर. एका क्षणात काम फत्ते! दुरुस्त व्हिडिओ त्याच जागी चढवला आणि चतुराबाईला लिंक पाठवून वर प्रेमानं लिहिलं, 'काकी, मशीनची चूक होती, सगळं दुरुस्त केलंय. या वेळी शेवटपर्यंत नक्की पाहा!'

चतुराबाईनं फोनवरचं पीठ झटकलं आणि जवळजवळ शेवटपर्यंत पाहिलं.

आता घोळ असा होता, की व्हिडिओच्या शेवटी नत्थुजी टाकी सोडून खरोखरच्या काकीबद्दल बोलले होते. ते एक वाक्य मशीननं पहिल्या वेळी बरोबर लिहिलं होतं. प्रियदर्शनीच्या हुकमानं त्याचीही टाकी झाली. चतुराबाई या ओळीपर्यंत आली आणि फोन पुन्हा पिठात गेला:

'अख्खी गल्ली जिले टाकी म्हणते, ते आमची चतुरा!'

पंधरा मिनिटांत नत्थुजींचा फोन. या वेळी ते ओरडत नव्हते, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"पोरी, ते बॅग भरून राहिली. रिद्धपूरची गाडी कितीची आहे, मले विचारून राहिली. तू ये बाप्पा. मले काही समजून नाही राहिलं. गल्लीतले पोट्टे दारावरून जातात अन टाकी, टाकी म्हणतात."

देवमनजींनी गाडीची किल्ली काढली. वाटेत बडनेरा सोडल्यावर एवढंच म्हणाले, "अक्षरं आपल्या हातानं लिहिली असती तं पेट्रोल वाचलं असतं."

अकोल्याला पोहोचल्यावर प्रियदर्शनीनं पाहिलं, चतुराबाई गेटजवळच्या खुर्चीत, मांडीवर बॅग घेऊन, तोंड फिरवून बसलेली. नत्थुजी समोर उन्हात उभे. दोघांच्या मध्ये एक बंद कूलर.

"काकी," प्रियदर्शनी घाबरत म्हणाली, "चूक माझी आहे. काकांनी तसलं काही म्हटलंच नाही."

"मी निरक्षर आहे का? मी वाचलं!"

"वाचलं, पण ऐकलं नाही. एकदा आवाज सुरू करून पाहा. नंतर मला काय मारायचं ते मारा."

तिनं फोन चतुराबाईच्या कानाशी धरला आणि आवाज पूर्ण वाढवला. कारखान्यातली ठोकाठोक आज बंदच होती. नत्थुजींचा आवाज सगळ्या गल्लीत स्वच्छ ऐकू गेला. टाकीचं कौतुक झालं, मोटरीचं झालं. मग त्यांचा आवाज जरा खाली आला.

"अन शेवटची गोष्ट. अख्खी गल्ली जिले काकी म्हणते, ते आमची चतुरा. लोकं म्हणतात नत्थुजीचा कारखाना. मी नुसता पत्रा कापतो. कारखाना ते चालवते. माये कान गेले तवापासून गिऱ्हाईक काय बोलते ते बी तेच ऐकते. ते नसती तं हे शटर कवाचंच खाली आलं असतं."

चतुराबाईनं फोन हातात घेतला. बोटानं व्हिडिओ मागं सारला आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. मग पुन्हा एकदा. पदर डोळ्याला लावला, पण तो घामासाठी, असं दाखवत लावला.

"हे मले तोंडावर सांगाले काय झालं होतं?" ती शेवटी म्हणाली.

"तुयासामोर?" नत्थुजी म्हणाले. "तुयासामोर मले कवा वाक्य पुरं करू देलं तू? त्या कॅमेऱ्यानं मधात टोकलं नाही, म्हणून बोललो!"

देवमनजी खाकरून दुसरीकडे पाहायला लागले. चतुराबाईनं हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. बॅग खाली ठेवून तिनं कमरेची किल्ली काढली.

"उन्हात काहून उभे आहा? या आत. अन तू, पोरी, बस इथं. मी ऐकून सांगते अन तू लिही. एक एक अक्षर!"

तिसरा व्हिडिओ चतुराबाईच्या देखरेखीखाली झाला. तिनं काना-मात्रा तपासल्या, वेलांट्या तपासल्या, नत्थुजी एका जागी चुकीचं बोलले होते तेही लिहिताना सुधारून टाकलं. इतका शुद्ध, इतका निर्दोष व्हिडिओ वऱ्हाडात याआधी झाला नसेल. तो चढवला. तीन दिवसांत एक्केचाळीस लोकांनी पाहिला आणि खाली एकच प्रतिक्रिया आली: 'पयलेवाला कुठी आहे?'

कूलर मात्र धडाधड खपले. लोक कूलर पाहायचं सोडून काकी पाहायला येत, आणि काकी आलेल्या माणसाला कूलर घेतल्याशिवाय सोडत नसे.

पुढच्या आठवड्यात प्रियदर्शनीला अमरावतीतल्या एका लोणचेवाल्याचा फोन आला.

"मॅडम, ते साठ लिटरवाला व्हिडिओ तुमीच केला ना? आमाले तसाच पायजे! चुकांसहित!"

प्रियदर्शनीनं एक दीर्घ श्वास घेतला. प्रतिष्ठा, व्यावसायिकता, दर्जा असे पुष्कळ शब्द तिच्या डोळ्यांसमोरून गेले. मग तिनं समोरच्या, गिऱ्हाइकाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"होऊन जाईल, साहेब!"

"अन माया उच्चाराची चिंता करू नका बरं. मी दहा वर्षं पुण्यात होतो. कॅमेऱ्यासमोर एकदम शुद्ध बोलतो!"

प्रियदर्शनीचा चेहरा पडला.

"अरे बापरे," ती म्हणाली. "मग तुमच्या घरात दुसरं कोणी बोलणारं नाही का?"