बाहेर जा, दार वाजवा

खांबेट्यांच्या खोलीत दोनदा शिरावं लागतं. पहिल्यांदा तुम्ही सरळ आत जाता. ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "बाहेर जा. दार वाजवा. मी 'या' म्हणालो, तर या." तुम्ही मुकाट्याने बाहेर जाता, वाजवता, आतून 'या' येतं, आणि मग आधीचं काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने ते विचारतात, "बोला, काय काम काढलंत?"

माझी आत्या कर्वेनगरच्या एका वृद्धाश्रमात त्यांच्या समोरच्या खोलीत राहते. त्यामुळे दर रविवारी हा प्रयोग मी फुकट पाहतो. आश्रमाचं नाव सांगत नाही. तशी सगळ्या आश्रमांची नावं एकाच कारखान्यात बनत असावीत. सावली, गारवा, सांज यांतले दोन शब्द घ्यायचे आणि मागे 'धाम' चिकटवायचं. पाटीवर नावाखाली लिहिलंय, 'ज्येष्ठांचं हक्काचं घर'. ज्याने हे लिहिलं, त्याला कोणी ते वाचेल अशी शंकासुद्धा आली नसेल.

खांबेट्यांनी वाचलं.

खांबेटे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. म्हणजे उभ्या नोकरीत दुसऱ्यांच्या दुकानात न विचारता शिरण्याचाच त्यांनी पगार घेतला. निवृत्तीनंतर माणसं अध्यात्माकडे वळतात, नाहीतर मधुमेहाकडे. हे कायद्याकडे वळले. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा जो कायदा आहे, तो त्यांना पाठ आहे, आणि तो पाठ आहे हे समोरच्याला पुरतं पटेपर्यंत ते थांबत नाहीत.

"पण त्या कायद्यात दार वाजवण्याबद्दल एक अक्षर नाही," मी एकदा म्हणालो. मुद्दाम वाचून गेलो होतो.

"कलम चार वाचलंत?"

"वाचलं. आईवडिलांना सामान्य जीवन जगता यावं इतपत त्यांचा सांभाळ करायचा."

"सामान्य जीवन! तुमच्या बेडरूममध्ये पहाटे कोणी बाई 'चला आजोबा, उठा' करत शिरते का?"

"नाही."

"मग तुमचं जीवन सामान्य आहे. माझं नाही. मुद्दा संपला."

"पण ते कलम मुलांसाठी आहे, आश्रमासाठी नाही."

"मुलांचं तुम्ही काढू नका," खांबेटे म्हणाले आणि पेपर उघडला. पेपर कालचा होता.

या कायद्याचा सर्वांत जास्त ताप झाला तो कांताला. कांता त्या मजल्यावर चहा-नाश्ता, औषधं, अंघोळी असं सगळं पाहते.

"आजोबा, च्या हाय."

"बाहेर जा. दार वाजवा. आणि मी तुमचा आजोबा नाही."

"मग काय म्हनू?"

"श्रीयुत खांबेटे."

"आवो, एवढं म्हनंपत्तुर च्या थंड हुतो!"

व्यवस्थापक देशमाने यांना मात्र असं उत्तर सुचलं नसतं. हे गृहस्थ आश्रमातल्या प्रत्येक पुरुषाला 'आमचे लाडके आजोबा' म्हणतात आणि बोलताना त्याचे गाल ओढण्याची इच्छा कशीबशी आवरतात. खांबेट्यांनी आतून कडी मागितली, तेव्हा ते लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "अहो आजोबा, आत पडलात बिडलात तर?"

"पडलो तर ओरडेन. ओरडलो नाही, तर तुम्ही येऊन तरी काय करणार?"

कडी मिळाली नाही. दार वाजवण्याचा नियम तेवढा राहिला, आणि तोही खांबेट्यांच्या तोंडाच्या जोरावर.

फावल्या वेळात खांबेटे फुकट सल्ला देत. ज्यांची मुलं फिरकत नाहीत, त्या सगळ्यांना त्यांचं एकच सांगणं. "सरळ प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करा. वकील लागत नाही. मुलाला नोटीस गेली की बघा कसा धावत येतो!" एक दिवस आत्या म्हणाली, "तुमचा मंदार वाघोलीला असतो ना? दिवाळीलाही दिसला नाही. तुम्ही का करत नाही अर्ज?"

"त्याला कामं असतात," खांबेटे म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

"पळाले," आत्या मला म्हणाली. मलाही तेच वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दुसऱ्यांच्या मुलांना नोटिसा धाडणाऱ्या माणसाची फजिती पाहायला मिळणं हे पुण्यात सुख समजलं जातं.

मग आला विश्वस्तांचा वाढदिवस. वाढदिवशी विश्वस्त केळी वाटतात. वाटण्याआधी 'ज्येष्ठ हीच आमची दैवतं' असं भाषण होतं, आणि मग दैवतांच्या खोल्यांत फोटोग्राफरला घेऊन मिरवणूक निघते. आत्याच्या हातात दोन केळी पडली, फोटो निघाला, आणि सगळा लवाजमा समोरच्या खोलीत घुसला.

"बाहेर जा," आतून आवाज आला. "दार वाजवा."

विश्वस्तांना वाटलं, हे फोटोग्राफरला उद्देशून आहे. ते पुढे होऊन म्हणाले, "आजोबा, आशीर्वाद द्या."

"वाजवून या, मग बघू."

हार घातलेला तो गृहस्थ खरोखर बाहेर आला. देशमान्यांचा चेहरा सालीसकट केळं गिळल्यासारखा झाला होता. विश्वस्तांनी दार वाजवलं.

"आत्ता वेळ नाही," खांबेटे म्हणाले.

मी आत्याच्या खोलीत तोंडावर रुमाल धरून बसलो. पण गंमत तिथेच संपली. देशमान्यांनी मंदारला फोन केला. वडिलांना समजवा, नाहीतर घेऊन जा.

"घेऊन जाणार कुठे?" आत्या म्हणाली. "तिथे फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी खोली नाही, म्हणून तर ते इथे आले. हीसुद्धा गेली तर?" ती हसत नव्हती.

रविवारी मंदार आला. मी निर्लज्जपणे खुर्ची दारात ओढून बसलो होतो. कांता ट्रे घेऊन भिंतीला टेकून उभी होती. मंदार फोन कानाला लावूनच जिना चढला आणि फोन कानाला लावूनच दार ढकलून आत गेला. आम्ही वाट पाहत होतो. 'बाहेर जा' आता येईल, मग येईल.

"आलास?" खांबेटे म्हणाले. "बस. पाणी घेतोस?"

मंदारने फोन ठेवला. "बाबा, काय हे? सगळ्यांना दार वाजवायला लावता म्हणे! हे लोक रूम खाली करा म्हणतायत. मी कुठे आणि काय काय मॅनेज करू, सांगा ना. बंद करा हे, प्लीज."

"बरं. बंद करतो."

"नक्की?"

"नक्की. जरा बारीक झालास तू."

मंदार बसला नाही. पाणीही घेतलं नाही. तो गेल्यावर खांबेटे गॅलरीत उभे राहून त्याची गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत पाहत होते. मला राहवलं नाही. मी सरळ त्यांच्या खोलीत शिरलो.

"विश्वस्तांना बाहेर काढलंत, कांताला काढता, मला तर दर आठवड्याला काढता. मुलाने वाजवलं नाही, त्याला का नाही काढलंत?"

ते वळले. मी काही अगदीच बावळट प्रश्न विचारला असावा, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घरचं माणूस कधी दार वाजवतं का?"



पुढच्या रविवारी त्यांचं दार सताड उघडं होतं. देशमाने डोकावून "काय आजोबा, शहाणे झालो ना आता?" म्हणाले आणि आत शिरून त्यांचा गाल ओढून गेले. खांबेट्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

मग कांता आली. उघड्या दारासमोर थांबून तिने बोटाने चौकट वाजवली.

"आता त्याची गरज नाही," खांबेटे म्हणाले.

"ते मला ठाव न्हाई. 'या' म्हना. च्या थंड हुतो."

त्यांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"या," ते म्हणाले.