प्राउटींच्या घरातली थंडगार शेकोटी

अल्डन प्राउटीच्या मते अख्ख्या उत्तर व्हरमाँटमध्ये खरी तीक्ष्ण नजर दोघांचीच होती. एक बहिरी ससाण्याची आणि दुसरी त्याची स्वतःची, चष्मा लावल्यावर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो स्वतःला खाजगी गुप्तहेर म्हणवून घ्यायचा. त्याच्या नावावर सुटलेलं प्रकरण एकच होतं, गावच्या वाचनालयातून गायब झालेल्या स्टेपलरचं. तो स्टेपलर शेवटी अल्डनच्याच कोटाच्या खिशात निघाला, पण निघाला ना, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको लोइस या सगळ्या तपासांत मदतनीस होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

जानेवारीत मात्र खरंखुरं प्रकरण घरातच उभं राहिलं. लोइसच्या आईला, हेस्टरला, जिना चढवेनासा झाला होता, म्हणून तिचा पलंग खाली दिवाणखान्यात हलवला होता. त्या खोलीत उबेची सोय म्हणजे भिंतीतली जुनी शेकोटी. ती पेटायची, पण तापायची म्हणून नाही. हेस्टर दोन स्वेटर, हातमोजे आणि मेलेल्या नवऱ्याची शिकारीची टोपी घालून आगीसमोर कुडकुडत बसायची. ही बातमी फ्लोरिडाला ड्वेनच्या, म्हणजे लोइसच्या भावाच्या कानावर गेली. शनिवारी दुपारी येतो, म्हणाला. खोली गार असेल तर आईला सोबत घेऊनच परत जाणार, तिकीटही काढून ठेवलंय.

"मला मगरींच्या शेजारी मरायचं नाही," हेस्टर म्हणाली आणि टोपी कानांवर ओढून घेतली.

आई दिवसभर किरकिर करते, कॉफीला नावं ठेवते, सगळं खरं, पण त्या खोलीतून तिची खुर्ची जाणार ही कल्पनाच लोइसला सहन होईना.

अल्डनने प्रकरण हाती घेतलं. पहिला संशय धुराड्याच्या झडपेवर. तो शेकोटीत डोकं घालून उताणा झोपला, बॅटरी मारली, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर फक्त डोळे ओळखू येत होते. झडप सताड उघडी होती. म्हणजे ती निर्दोष, किंवा अतिशय मुरलेली, असा त्याने निष्कर्ष काढला. मग संशय गेला धुराड्यात घर करून राहिलेल्या एखाद्या रॅकूनवर. धुराडं साफ करणाऱ्याला फोन लावून त्याने कसून उलटतपासणी घेतली. धुराडं ऑक्टोबरमध्येच साफ झालंय आणि आत चिटपाखरू नाही, हे त्या बिचाऱ्याने तीनदा सांगितलं. इतक्या ठामपणे बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं अल्डनचं मत पडलं.

त्यानंतर आरोपी ठरला स्वयंपाकघरातला पंखा. तो घरातली हवा बाहेर खेचतो म्हणून स्वयंपाकच बंद झाला आणि सगळे थंड हॅमचे सँडविच खाऊ लागले. बाहेरची हवा आत यावी म्हणून अल्डनने खिडकीही उघडली. हवा आली, सोबत बर्फही आला. आगीतले ओंडके या सगळ्या काळात टोकांना फेस आणून सूं सूं करत होते. साक्षीदाराला बोलायचंय पण तो घाबरलाय, असा अल्डनने त्याचा अर्थ लावला.

शुक्रवारी त्याने शेवटचा सिद्धान्त मांडला. हेस्टर आगीच्या इतकी जवळ बसते की सगळी ऊब तीच शोषून घेते, खोलीला काही उरतच नाही. त्याने तिची खुर्ची उचलून दाराशी नेऊन ठेवली, तिच्यासकट.

हेस्टर झोपेपर्यंत दाराशी बसून आगीतल्या ओंडक्यांकडे डोळे बारीक करून बघत राहिली. लोइसला हे लक्षण काही बरं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी अल्डन धुराड्यात वरून डोकावायला आरसा घेऊन छपरावर चढला. हेस्टरने लोइसला जवळ बोलावलं आणि आगीकडे बोट दाखवलं.

"ही लाकडं कुठली गं?"

"मागचा मेपल. उन्हाळ्यातल्या वादळात पडला होता ना? अल्डनने पानगळीत फोडला."

"ओली लाकडं जाळतोय मेला. अन् ते पुढचं?"

पुढचं म्हणजे पुढच्या अंगणातली अल्डनची रास. सुकलेल्या ओंडक्यांची, गोल, माणसापेक्षा उंच, वर सालींचं छप्पर केलेली. त्या भागात माणसाची किंमत त्याच्या लाकडांच्या राशीवरून ठरते, आणि ही रास पाहायला रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायच्या. साप्ताहिकात तिचा फोटोही आला होता. त्यातला एक ओंडका काढायची गेली दोन वर्षं कुणाची टाप नव्हती.

"त्याला हात लावायचा नाही, आई. अजून मुरतंय, म्हणतो."

"मीही मुरतेच आहे. माझे बूट आण."

लोइसने आणले. आईला धरून पुढच्या अंगणात नेताना तिला भीती वाटली आणि खूप बरंही वाटलं. हेस्टरने टेकायला घेतलेली स्कीची काठी राशीच्या कमरेत खुपसली, एक ओंडका हेरला आणि ओढला. रास क्षणभर विचारात पडली, मग घरंगळत सगळी अंगणात पसरली.

छपरावरून उतरलेला अल्डन त्या पसाऱ्यापाशी बराच वेळ उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून खिडकीतल्या लोइसला वाईट वाटलं. पण मग त्याने खिशातून भिंग काढलं आणि तो गुडघ्यांवर बसला. बर्फात ठसे होते. एक इसम काठी टेकणारा, डावा पाय ओढणारा, वयाने मोठा. दुसऱ्याचे बूट थेट लोइसच्या मापाचे, म्हणजे गुन्हेगार तिच्यावर आळ यावा म्हणून मुद्दाम तसले बूट घालून आला होता. टोळीचंच काम. अल्डन रांगत रांगत ठशांमागे निघाला, पायरी चढला, व्हरांडा ओलांडला, आणि दार ढकलून आत येताच त्याचा चष्मा वाफेने पांढरा झाला.

त्याने तो पुसला. शेकोटी धडाडून पेटली होती. हेस्टर आपल्या जागी बसली होती, टोपी मांडीवर, केस मोकळे.

"तुम्ही?" तो म्हणाला.

"मी. दार लाव, ऊब बाहेर जातेय."

अल्डन आगीकडे पाहत राहिला. ओंडके सूं सूं करत नव्हते. त्याच्या डोक्यात काहीतरी सावकाश जागेवर बसत होतं आणि ते लोइसला स्पष्ट दिसत होतं. एकही सिद्धान्त न मांडता त्याने दार लावून घेतलं. लग्नानंतर हे असं पहिल्यांदाच घडत होतं.

ड्वेन आला तो दारातूनच बोलत आला. या वयात असल्या थंडीत माणसाला ठेवणं म्हणजे छळ, आईचं सामान बांधा, गाडी चालूच आहे. हेस्टर म्हणाली, आधी कोट तरी काढ. त्याने कोट काढला. दोन वाक्यांनंतर स्वेटर काढला. सांध्यांना थंडी कशी वाईट हे सांगता सांगता त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि कपाळ पुसलं. मग तो बाहेर जाऊन गाडी बंद करून आला.

"तिकिटाचं बघतो काहीतरी," तो म्हणाला. "पण बिघडलं काय होतं?"

नवऱ्याचं अर्ध्या तासाचं भाषण लोइसला पाठ होतं. अल्डनने घसा खाकरला, हेस्टरकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"गुन्हेगार घरातलाच निघाला," तो म्हणाला. "नाव सांगणं बरं दिसत नाही."

"आम्ही सोडून दिलंय त्याला," हेस्टर म्हणाली. "जा रे अल्डन, अजून दोन घेऊन ये. चांगले बघून आण."