दातारांची पंधरा मिनिटं

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले दातार दर पंधरा मिनिटांनी बोलणं तोडतात. मनगटावरचं घड्याळ वाजतं, दातार खिशातून होकायंत्र काढून बघतात, "जुळवून घ्या," म्हणतात आणि मग उरलेलं वाक्य पुरं करतात. एकदा माझ्या गाडीतून महाबळेश्वरला आले. वाईपर्यंत सात वेळा होकायंत्र निघालं.

"दातार, रस्ता एकच आहे," मी म्हणालो.

"चुकणाऱ्यांनाही एकच होता."

दातारांनी आयुष्यभर फ्लाइंग क्लबात लहान विमानांची यंत्रं दुरुस्त केली. पायलटला दिशा दाखवणाऱ्या तबकडीत एक भिंगरी गरगरत असते. तबकडी दिसते ठाम, पण हळूहळू सरकते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी ती होकायंत्राशी जुळवायची. "एकदा जुळलं म्हणजे जुळलंच, असं नसतं," हे दातार लग्नात नवरानवरीलाही ऐकवून आले आहेत.

त्यांची मुलगी मृणाल हिंजवडीतली नोकरी सोडून त्यांच्याच क्लबात विमान शिकायला लागली, तेव्हा सोसायटीने तोंडात बोटं घातली. दातार म्हणाले, "कंपनीच्या बसमध्ये दोन तास बसण्यापेक्षा बरं." मला वाटलं, माणूस दगड आहे.

मग ती पहिल्यांदाच एकटी, तासाभरावरच्या दुसऱ्या गावच्या धावपट्टीकडे निघाली. दातार सकाळीच माझ्याकडे येऊन बसले, मोबाइल टीपॉयवर ठेवला. "तुमच्याकडे रेंज चांगली येते." आमची भिंत एकच आहे.

घड्याळ वाजलं. "जुळव गं," दातार पुटपुटले. चहावर साय धरली. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा त्यांनी मोबाइल उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"त्या विमानातली तबकडी मीच दुरुस्त केलेली. रिटायर होण्याआधीचं शेवटचं काम. नियमात बसते, पण जरा जास्त सरकते. पोरगी विसरली तर?"

चौथ्यांदा वाजलं. फोन गप्पच. आणखी पाच मिनिटांनी तो वाजला.

"उतरलीस? बरं. काही खाल्लंस का?" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. माझ्याही जिवात जीव आला.

मग गार चहा तक्रार न करता प्यायले आणि चार वर्षांची मृणाल वर्कशॉपमध्ये भिंगरी फिरवत कशी बसायची, ते सांगू लागले. मध्येच घड्याळ वाजलं. मी सवयीने होकायंत्र निघायची वाट बघत थांबलो.

दातारांचा हात खिशाकडे गेलाच नाही. "वाजू दे," म्हणाले आणि गोष्ट पुढे सांगत राहिले.